दवाखाना गावापर्यंत चालत गेला तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळेला उभं राहिलं, की यंत्रमागांची खटखट अजून कानात असलेली माणसं फाटकातून बाहेर पडताना दिसतात. कुणी सायकल काढतो, कुणी चहाच्या टपरीशी थांबतो. हात मोकळे झाले की अनेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्यानं चार रगडे, वरून एक टाळी आणि चिमूट ओठाखाली. याच रस्त्यावर पुढे कुंभारीला विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे. तिथे मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायकांची बोटं दिवसभर तंबाखूतच असतात.

या गर्दीतल्या एखाद्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा असतो. तो दुखत नाही, म्हणून कुणाला दाखवला जात नाही. असे सगळे चट्टे काही कॅन्सरकडे जात नाहीत. पण जो जातो, तो वेळेवर दिसला तर काम छोटं असतं. तंबाखू सोडायची, तुकडा काढून तपासायचा, लागलं तर तेवढा भाग काढून टाकायचा. तोच वर्षा-दोन वर्षांनी दिसला, तर जबड्याचं हाड, मानेतल्या गाठी, किरणोपचार आणि कर्जात बुडालेलं घर. रोग तोच, माणूस तोच, डॉक्टरही तोच. फरक पडतो तो तारखेचा.

कॅन्सरवरच्या उपचारांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यंत्रांचा आणि औषधांचा इतिहास सांगतो. तो खरोखरच थक्क करणारा आहे. पण या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत लिहिलं गेलं. ते तारखेच्या फरकाचं पान आहे. आज ते वाचायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॅन्सरवर एकच इलाज होता, चाकू. १८९० च्या दशकात अमेरिकेतले शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड स्तनाच्या कॅन्सरसाठी सगळा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढून टाकत. मुळासकट काढलं की रोग जाईल, हा त्यामागचा विचार. पाऊणशे वर्षं जगभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. पुढे १९८१ साली इटलीत आणि १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवून दिलं, की गाठ लहान असताना सापडली, तर तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच वर्षं जगते. बाईचं शरीर वाचलं ते गाठ लवकर सापडल्यामुळे, ही गोष्ट इथेही लक्षात ठेवावी.

दुसरा इलाज किरणांचा. १८९५ साली राँटजेननं क्ष-किरण शोधले, १८९८ साली क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं आणि काही वर्षांतच दोन्ही गोष्टी कॅन्सरवर वापरात आल्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला तर रेडियम हे वरदानच ठरलं, कारण ते थेट रोगाच्या जागी ठेवता येत होतं.

तिसरा इलाज औषधांचा. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांनी रक्ताच्या कॅन्सरनं मरणाच्या दारात असलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं. काही मुलं चक्क उठून खेळू लागली. सुधारणा काही महिनेच टिकली, पण औषधानं मुलांमधला हा कॅन्सर मागे हटू शकतो हे जगाला दिसलं. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथले संशोधनप्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलणाऱ्या आपल्या सोलापुरानं हे नाव अभिमानानं घ्यायला हवं.

आता मुंबईकडे येऊ. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. हा माणूस सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहायचा आणि रुग्णाला त्याच्या सवयीही विचारायचा. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट आवळलं जातं, तिथेच काही जणांना त्वचेचा कॅन्सर होतो. तंबाखू आणि चुना ओठाच्या आत जिथे धरला जातो, तिथेच ओठाचा कॅन्सर उगवतो. अशा नोंदी त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली प्रसिद्ध केल्या. कॅन्सर आभाळातून पडत नाही, तो माणसाच्या रोजच्या वागण्यात मुळं धरतो, हे या नोंदींनी सांगितलं. अक्कलकोट रोडवरची ती चिमूट ऐंशी वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती.

पुढच्या काळात मुंबई बरंच शिकली. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. १९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका मुलीवर देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. पण परळच्या रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकून बसलेली कुटुंबं तशीच राहिली. ती खेड्यांतून यायची आणि बहुतेक उशिरा यायची. ती आधी कुठे होती आणि जी कधी आलीच नाहीत त्यांचं काय झालं, हे कोणत्याच रजिस्टरात नव्हतं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यातला माणूस रुग्णालयात आलाच नाही, तर त्याचा कागद होणार कुठून?

याचं उत्तर बार्शीत शोधलं गेलं. तिथे ‘अश्विनी’ या ग्रामीण कर्करोग संस्थेचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. नर्गिस १९८१ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या, त्यांच्या स्मृतीचं ते नाव. याच रुग्णालयाच्या आधारानं १९८७ साली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानं, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि टाटा रुग्णालयात तंबाखूवर संशोधन केलेल्या डॉ. कस्तुरी जयंत ही त्यामागची प्रमुख नावं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं आणि सुमारे चार लाख लोकसंख्या त्यांनी नोंदणीसाठी घेतली. सगळा भाग कोरडवाहू. ज्वारीच्या सुगीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात दवाखान्याचं नाव काढायलाही कुणाला सवड नसते.

या नोंदणीची पद्धतच निराळी होती. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयात बसून न राहता गावोगाव फिरायचे. पारावर, शाळेत, देवळात लोकांना गोळा करून सांगायचे. न भरणारी जखम, न दुखणारी गाठ, गिळताना होणारा त्रास, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, ही लक्षणं असतील तर लपवू नका. सरपंच, शिक्षक, सुईण यांच्याकडे कुणी आजारी आहे का याची चौकशी करायचे. संशय वाटला तर त्या माणसाला बार्शीला येऊन तपासून घ्यायला तयार करायचे. कोण वारलं आणि कशानं, हेही विचारायचे.

यातून दोन गोष्टी समोर आल्या. पहिली अशी, की या भागातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयाच्या मुखाचा होता. बायका त्याला ‘पिशवीचा’ म्हणतात. दुसरी गोष्ट कुणी ठरवून शोधायला गेलं नव्हतं. नोंदणी सुरू झाल्यावर चार-पाच वर्षांतच पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. यंत्र तेच, डॉक्टर तेच. फक्त कुणीतरी गावात येऊन बोलत होतं. बार्शीकरांनी हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध केले.

या कॅन्सरचं एक वैशिष्ट्य असं, की तो फार सावकाश येतो. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढी सवड फार थोडे रोग देतात. अमेरिकेत जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९४० च्या दशकात पेशी पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची ‘पॅप’ तपासणी रूढ केली. जिथे ती नियमित झाली, तिथे हा कॅन्सर झपाट्यानं खाली आला. पण तिला पेशी वाचणारी तयार माणसं लागतात, प्रयोगशाळा लागते आणि दर काही वर्षांनी तीच बाई पुन्हा यावी लागते. भूम-परांड्यात हे कसं जमावं?

दरम्यान रोगाचं मूळही सापडलं. १९८३ साली जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउसेन यांना या कॅन्सरच्या गाठीत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू कळला, म्हणजे त्याचीच तपासणी करता येणार होती, पुढे लसही करता येणार होती. दुसरीकडे अगदी साधी तपासणीही पुढे आली. शिरक्याचं आम्ल, म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि मिनिटभरानं पाहायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षण घेतलेली परिचारिका हे करू शकते. (हे घरी करायचं काम नव्हे, हेही सांगून ठेवतो.)

मग प्रश्न आला, यातली कोणती तपासणी खेड्यातल्या बाईचा जीव वाचवते? उत्तर शोधण्यासाठी १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिआँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. लिआँहून डॉ. आर. शंकरनारायणन यांनी तिचं नेतृत्व केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटाला एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला शिरक्याची. चौथ्या गटाला तपासणी नाही, जशी व्यवस्था होती तशीच.

एप्रिल २००९ मध्ये आठ वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ८२ बायकांचा कॅन्सर पुढच्या टप्प्यावर सापडला होता आणि ६४ बायका वारल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात बायकांची संख्या थोडी जास्तच होती. तिथे हे आकडे ३९ आणि ३४ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. पॅप आणि शिरक्याच्या गटांत या चाचणीत तेवढा फरक दिसला नाही. जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल वाचला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या बायकांचाही वाटा आहे.

पण त्या चौथ्या गटातल्या ६४ बायकांवरून घाईनं पुढे जाऊ नये. एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला आणि त्यावर बराच वाद झाला. त्या काळात जिल्ह्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि तुलना नसती तर पुरावाही मिळाला नसता, असं संशोधकांच्या बाजूनं सांगितलं गेलं. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला एवढंच वाटतं, की हा पुरावा आपल्याला फुकट मिळालेला नाही. त्याची किंमत या मातीतल्या बायकांनी मोजली आहे. तो कपाटात पडून राहिला, तर मोजलेली किंमत वाया जाईल.

असंच काम इतर कॅन्सरांवरही झालं. मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ साली वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांची चाचणी सुरू केली. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी केलेल्या शिरक्याच्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये जे एका तपासणीनं साधलं नव्हतं, ते इथे दर दोन वर्षांनी तपासणी करून साधलं. त्याच बायकांनी हातानं स्तनांची तपासणीही केली. वीस वर्षांनंतर, २०२१ साली निष्कर्ष आले, की पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन, उजेडात तोंड उघडायला लावून पाहिलं. २००५ साली कळलं, की तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. बॅटरीचा उजेड आणि शिकवून तयार केलेली नजर एवढंच होतं.

लसीच्या इतिहासातही बार्शी आहे. एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ साली देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला. त्यातलं एक ठिकाण बार्शी. १० ते १८ वयाच्या मुलींना लस दिली जात होती. २०१० साली दुसऱ्याच एका लस प्रकल्पावर वाद उठला, सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून काम तसंच राहिलं. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या केल्या. २०२१ साली लक्षात आलं, की एकाच डोसनंही विषाणूच्या घातक प्रकारांपासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही पुरेसा मानता येईल असं सांगितलं. गरीब देशांसाठी याचा अर्थ तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली असा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस २०२२ साली मंजूर झाली.

नव्या औषधांचीही दखल घ्यायला हवी, नाहीतर चित्र अपुरं राहील. २००१ साली आलेल्या इमॅटिनिब या गोळीनं रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार मधुमेहासारखा, गोळी घेत जगण्याजोगा केला. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर, भारतीय कंपन्यांची दहा हजारांच्या आत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या औषधाचं पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारावर १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचारांबरोबर औषध दिलं तर अधिक बायका वाचतात, हे १९९९ साली सिद्ध झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायचा ‘कार-टी’ उपचार मुंबईच्या आयआयटीनं आणि टाटा रुग्णालयानं देशात विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. निदानातही १९७१ साली सीटी स्कॅन आलं आणि पुढे पोट न उघडता आतली गाठ दिसू लागली. आता गाठीचा तुकडा पाहून तिला कोणतं औषध लागू पडेल हेही बऱ्याचदा सांगता येतं.

हे सगळं हवंच आहे. पण ही सारी साधनं रुग्णालयाच्या दाराच्या आत आहेत आणि आपली अडचण दारापर्यंत पोहोचण्याची आहे. देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या बायकांना विचारलं गेलं, की गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का? शंभरात दोघींनीही ‘हो’ म्हटलं नाही. ज्या देशाच्या एका जिल्ह्यानं जगाला या तपासणीचा पुरावा दिला, त्याच देशाचा हा आकडा आहे. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी चिमूट सुटलेली नाही, हे आपण रोज पाहतो.

म्हणून पुन्हा अक्कलकोट रोडवर येतो. इथे बायका आणि पुरुष एकाच वेळी, एकाच जागी, शेकड्यांनी भेटतात. बार्शीच्या कर्मचाऱ्यांना गाव गोळा करायला पारावर जावं लागलं. इथे कारखान्याच्या भोंग्यानं ते आयतंच गोळा होतं. वर्षातून एकदा, पाळी सुटताना, एक टेबल, एक बॅटरी आणि तोंड पाहायला शिकवलेली एक परिचारिका. विडी कारखान्यात बायका हप्त्याचा हिशेब करायला येतात, तिथे तिशीच्या पुढच्या प्रत्येकीला तपासणीची चिठ्ठी. ज्यांच्यात काही सापडेल, त्यांना पुढे नेणारं माणूस आणि त्या दिवसाचा पगार. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण रोजंदारी बुडेल म्हणूनच पुष्कळ चट्टे तोंडात लपून राहतात.

आणि प्रत्येकानं आपल्यापुरतं एक करावं. आज रात्री आरशासमोर उजेडात तोंड उघडून, गाल ओढून, जीभ वर करून पाहावं. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारी अडचण दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. घरातल्या आईला, बहिणीला, सुनेला अंगावरून जाण्याबद्दल विचारायला संकोचू नये. बार्शीच्या त्या गावांत पहिला बदल झाला तोही कुणीतरी येऊन विचारलं म्हणूनच.